सॅन अँटोनियो स्पर्स, हंगाम २०१३-१४ : विजेतेपद जूनमध्ये मिळाले, पण ते कमावले केव्हा?

रेसकोर्सवासी (धागाकर्ता)

आपल्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर रविवारी खेळ आटोपल्यानंतर एक चर्चा निघाली होती : नव्या मुलांना एखाद्या व्यावसायिक संघाचा अख्खा हंगाम अभ्यास म्हणून दाखवायचा झाला, तर कोणता दाखवावा? तिथे बोलणे अर्धवट राहिले, म्हणून माझे म्हणणे इथे सविस्तर मांडतो. माझे उत्तर एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्सचा २०१३-१४ चा हंगाम असे आहे. या हंगामाचा विषय निघाला की बहुतेक जण जून २०१४ मधल्या मायामी हीटविरुद्धच्या फायनलबद्दल बोलतात आणि आदल्या वर्षीच्या पराभवाची ती परतफेड होती, असे सांगून थांबतात. मला हे उत्तर अपुरे वाटते. ते विजेतेपद नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, ज्या सामन्यांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही अशा सामन्यांमध्ये, खेळाच्या मिनिटांच्या वाटपातून कमावले गेले, असे माझे ठाम मत आहे.

आधी तो पराभव नीट आठवायला हवा, कारण त्याच्याशिवाय पुढच्या हंगामाचे मोल कळत नाही. फायनल ही सात सामन्यांची मालिका असते आणि आधी चार जिंकणारा संघ विजेता ठरतो. १८ जून २०१३ रोजी मायामीत फायनलचा सहावा सामना होता आणि स्पर्स मालिकेत ३-२ असे पुढे होते. अठ्ठावीस सेकंद उरलेले असताना धावफलकावर ९४-८९ अशी आघाडी होती. समारंभाच्या तयारीसाठी कोर्टाच्या कडेने पिवळी दोरी लावायला कर्मचाऱ्यांनी सुरुवातही केली होती. त्यानंतर स्पर्सच्या मानू जिनोबिली आणि कवाय लेनर्ड यांनी त्या शेवटच्या टप्प्यात चुकवलेला एकेक फ्री थ्रो महागात पडला, मायामीच्या लेब्रॉन जेम्सने एक थ्री-पॉइंटर (तीन गुणांचा शॉट) मारला, दुसरा चुकला, ख्रिस बॉशने रिबाउंड घेऊन चेंडू उजव्या कोपऱ्याकडे मागे सरकणाऱ्या रे ॲलनकडे दिला आणि ५.२ सेकंद उरलेले असताना ९५-९५ अशी बरोबरी झाली. मायामीने ओव्हरटाइममध्ये तो सामना १०३-१०० असा आणि पुढे सातवा सामना ९५-८८ असा जिंकला. सातव्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटात स्पर्सच्या टिम डंकनने रिंगजवळून मारलेला सोपा शॉट चुकला, तेव्हा बचावासाठी मागे धावून आल्यावर त्याने दोन्ही तळहात जमिनीवर आपटले होते. सगळे आयुष्य चेहऱ्यावरची रेषही न हलवता खेळलेल्या माणसाला तसे करताना पाहणे फार जड गेले होते.

असा पराभव झाल्यावर कोणताही प्रशिक्षक आपल्या खात्रीच्या खेळाडूंवर अधिक भार टाकेल, असे आपण गृहीत धरतो. स्पर्सचा प्रशिक्षक ग्रेग पॉपोविचने नेमके उलट केले. त्या हंगामात स्पर्सचा एकही खेळाडू सरासरी ३० मिनिटे खेळला नाही. टोनी पार्कर २९.४, डंकन २९.२, लेनर्ड २९.१ आणि जिनोबिली तर २२.८ मिनिटे. एनबीएच्या इतिहासात असे प्रथमच घडले आणि तरीही त्या संघाने ८२ पैकी ६२ सामने जिंकून संपूर्ण लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. त्याच हंगामात सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणारा ओक्लाहोमा सिटीचा केव्हिन ड्युरंट सरासरी ३८.५ मिनिटे खेळत होता आणि लेब्रॉन ३७.७ मिनिटे खेळत होता, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे फरक लक्षात येतो.

एका सामन्यात एका संघाच्या वाट्याला खेळाडूंची मिळून २४० मिनिटे येतात. पार्कर, डंकन आणि जिनोबिली हे तिघे प्रत्येकी ३६ मिनिटे खेळले असते, तर त्यांनीच १०८ मिनिटे घेतली असती. प्रत्यक्षात त्यांनी सुमारे ८१ घेतली. उरलेली २७ मिनिटे दर सामन्यात मार्को बेलिनेली, बोरिस दियाव, पॅटी मिल्स, डॅनी ग्रीन, टियागो स्प्लिटर आणि कोरी जोसेफ यांच्याकडे गेली, आणि ती हरलेल्या किंवा आधीच निकाल लागलेल्या सामन्यातली उरलीसुरली मिनिटे नव्हती. जानेवारीत लेनर्डचा हात, ग्रीनचे बोट आणि स्प्लिटरचा खांदा दुखावला, फेब्रुवारीत पार्करला विश्रांती द्यावी लागली, तरी संघाची घडी विस्कटली नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून सलग १९ सामने जिंकण्याचा फ्रँचायझीचा विक्रम याच संघाने केला. सहा खेळाडूंची सरासरी दहा गुणांच्या वर होती आणि सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या पार्करची सरासरी अवघी १६.७ होती. संघाची शिस्त म्हणजे काय, हे मला या आकड्यांत दिसते.

मंडळींचे मत ऐकायला आवडेल. विरोधी मत असेल तर ते अधिकच.

पागनीसपागा

रेसकोर्सवासी, आपण मांडणी उत्तम केली आहे, पण मी आपल्याशी निम्म्यापर्यंतच सहमत होऊ शकतो. २०१४ ची फायनल स्पर्सने जितकी जिंकली, तितकीच मायामीने थकून गमावली, असे मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते. मायामीचा तो सलग चौथा फायनल होता. चार वर्षे जूनपर्यंत खेळलेल्या संघाचे पाय किती झिजतात, हे ज्याने सलग दोन दिवस स्पर्धेचे सामने खेळले आहेत त्याला समजावून सांगायला नको. ड्वेन वेडच्या गुडघ्यांनी तर दगा दिलाच होता. आणि एक गोष्ट आपण सोयीने गाळली आहे : मायामीनेही विश्रांतीचाच मार्ग धरला होता. वेड त्या नियमित हंगामात ८२ पैकी केवळ ५४ सामने खेळला. विश्रांती हेच जर यशाचे गमक असते, तर ते मायामीलाही लाभायला हवे होते.

पहिल्या सामन्याचेही तेच. सॅन अँटोनियोच्या एटी अँड टी सेंटरमधली वातानुकूलन यंत्रणा बंद पडली, उकाड्यात लेब्रॉनच्या पायात गोळे आले आणि शेवटच्या काही मिनिटांत त्याला बाहेर बसावे लागले. तो सामना ११०-९५ असा संपला, पण लेब्रॉन बाहेर जाईपर्यंत तो अटीतटीचा होता.

रेसकोर्सवासी

पागनीसपागा काका, वेडचा मुद्दा आपण काढलात याचा मला आनंद आहे, कारण माझे म्हणणे त्याच्याच आधारे अधिक स्पष्ट होते. वेडला विश्रांती मिळाली, हे खरे. परंतु तो बसला त्या दिवशी त्याच्या वाटचा भार बहुतांशी लेब्रॉनवर येत होता. मायामीने एका माणसाचे गुडघे जपले, पण त्या मोकळ्या झालेल्या मिनिटांतून नवा माणूस घडवला नाही. स्पर्सने डंकनचे पाय जपले आणि त्याच मिनिटांतून दियाव आणि मिल्स उभे केले. मी ज्याला वाटप म्हणतो त्याचे हे दुसरे अंग आहे आणि माझ्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. विश्रांती तर दुखापतीमुळेही मिळते. दुसऱ्याच्या हाती चेंडू सोपवणे मात्र ठरवूनच करावे लागते.

थकव्याबद्दल एवढेच म्हणेन की, लेब्रॉन त्या वेळी २९ वर्षांचा होता आणि डंकन ३८ वर्षांचा. दोघेही लागोपाठ दुसऱ्या वर्षी फायनलमध्ये समोरासमोर होते. जूनमध्ये कोणाचे पाय ताजे असायला हवे होते, याचे उत्तर जन्मतारखा पाहून दिले असते तर ते वेगळेच आले असते.

पहिल्या सामन्यातल्या उकाड्याविषयी आपले म्हणणे मी मान्य करतो. फक्त त्याच कोर्टावर, त्याच उकाड्यात, शेवटच्या क्वार्टरमध्ये स्पर्सने ३६-१७ अशी सरशी केली, आणि त्यातही कोपऱ्यात मोकळे राहिलेल्या ग्रीनचा वाटा मोठा होता, हेही नोंदवावेसे वाटते.

डावा_कोपरा

मी शाळेपासून शूटिंग गार्ड म्हणून खेळत आलो आहे, त्यामुळे मला मिनिटांपेक्षा त्या मिनिटांत काय चालत असे, यावर लिहायचे आहे. स्पर्सची एक चाल मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती डोळे मिटूनही दिसते. अमेरिकेत तिला हॅमर म्हणतात.

जिनोबिली किंवा पार्कर चेंडू घेऊन एका बाजूने बेसलाइनकडे, म्हणजे रिंगमागच्या सीमारेषेकडे, मुसंडी मारतो. बचाव करणाऱ्या पाचही जणांचे डोळे साहजिकच त्याच्याकडे वळतात, कारण तो आता रिंगखाली पोहोचणार असतो. नेमक्या त्याच क्षणी, कोर्टाच्या दुसऱ्या बाजूला, जिथे कोणाचे लक्ष नाही तिथे, दियाव किंवा स्प्लिटर ग्रीनच्या बचावपटूच्या पाठीशी जाऊन उभा राहतो. ही स्क्रीन, म्हणजे बचावपटूची वाट अडवणारी भिंत, लागली की ग्रीन गुपचूप कोपऱ्याकडे घसरतो. इकडे जिनोबिली उडी मारून, बोर्डाच्या मागच्या बाजूने वाटावा असा, बेसलाइनला समांतर पास थेट समोरच्या कोपऱ्यात फेकतो. ग्रीनच्या हातात चेंडू येतो तेव्हा त्याचे पाय आधीच रिंगकडे वळलेले असतात, गुडघे वाकलेले असतात आणि त्याचा बचावपटू अजून स्क्रीनला वळसा घालत असतो.

कोपऱ्यातून तीन गुणांची रेषा सर्वांत जवळ असते. एनबीएमध्ये वरच्या भागात ती २३ फूट ९ इंच दूर आहे आणि कोपऱ्यात २२ फूट. तिथला मोकळा शॉट हा संपूर्ण कोर्टावरच्या सर्वांत किफायतशीर शॉटपैकी एक आहे, आणि स्पर्स तो मिळवण्यासाठी पाच जणांना एकाच वेळी हलवत असत. यात पास देणारा, स्क्रीन लावणारा आणि शॉट मारणारा यांपैकी एकाचे अर्ध्या सेकंदाने चुकले तरी चाल फसते. म्हणूनच मला धागाकर्त्यांचे म्हणणे पटते. ही जुळणी फळ्यावर खडूने आकृती काढून येत नाही. जिनोबिलीला दियाव कुठे असेल हे न पाहता कळायला हवे आणि त्यासाठी दोघांनी डिसेंबरातल्या कंटाळवाण्या सामन्यांमध्ये एकत्र खेळलेले असायला हवे.

आणखी एक. त्या संघात चेंडू हातात आल्यावर अर्ध्या सेकंदात ठरवायचे, अशी शिकवण होती : मारायचा, पुढे घुसायचे, की पास द्यायचा. चेंडू हातात धरून विचार करत उभे राहायला परवानगी नव्हती. हातात आलेली चांगली संधी सोडून शेजाऱ्याला त्याहून चांगली संधी द्यायची, हे सांगायला सोपे आहे. ज्याची जागा संघात पक्की नाही, असा खेळाडू ते करत नाही. पाच मिनिटांसाठी कोर्टावर उतरलेला मुलगा स्वतःचा शॉट मारूनच बाहेर येतो. आपण सगळे ते रोज पाहतो.

वैष्णवी_कोच

वरचा शेवटचा परिच्छेद वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. मी एका शाळेत मुलींना शिकवते. डावा_कोपरा यांनी लिहिले ते अक्षरशः खरे आहे. राखीव खेळाडूला वेळ कमी मिळतो, म्हणून ती घाईने शॉट मारते. शॉट चुकतो, म्हणून तिला बाहेर काढले जाते आणि पुढच्या वेळी तिला आणखी कमी वेळ मिळतो. हे चक्र तोडण्याचा एकच मार्ग मला सापडला आहे, तो म्हणजे तिला आधीच सांगून ठेवणे की दुसरा क्वार्टर तुझा आहे, शॉट चुकला तरी तुला काढणार नाही. असे सांगितल्यानंतर पास देण्याचे प्रमाण कसे बदलते, ते पाहण्यासारखे असते.

परंतु धागाकर्त्यांना माझा एक प्रश्न आहे आणि तो मी मनापासून विचारते. पॉपोविच यांच्याकडे ८२ सामने होते. त्यांतले वीस हरूनही ते पहिले आले. आमच्या स्पर्धा बाद फेरीच्या असतात. एक सामना हरलो की त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत. शिवाय आमचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा, म्हणजे वाटायला २४० ऐवजी २०० च मिनिटे. बाराव्या क्रमांकाच्या मुलीला त्यांतली किती द्यायची? तिच्या मिनिटांमुळे सामना गेला, तर बाकीच्या अकरा जणींना आणि त्यांच्या पालकांना काय सांगायचे? स्पर्सचा धडा आमच्यासाठी कितपत खरा आहे, हे मला या धाग्यातून समजून घ्यायचे आहे.

स्नेहलतागंज

ताईंच्या प्रश्नाला जोडूनच माझा आक्षेप मांडतो. त्या हंगामाची खरी परीक्षा मायामीविरुद्ध झालीच नाही. ती पहिल्याच फेरीत डलास मॅव्हरिक्सविरुद्ध झाली आणि तिथे हे वाटपाचे तत्त्व जवळजवळ कोसळले होते. लोक हे विसरतात, कारण शेवट गोड झाला.

डलास ४९ सामने जिंकून पश्चिम विभागातून आठव्या क्रमांकाने प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, आले होते. त्यांचे प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी फार विचारपूर्वक योजना आखली. त्यांनी कोपऱ्यातल्या शूटरला सोडून मदतीला जायचेच नाही, असे ठरवले. स्क्रीन लागली की बचावपटूंनी आपसांत माणसे बदलून घ्यायची आणि स्पर्सला एकास एक खेळायला भाग पाडायचे. डावा_कोपरा यांनी वर्णन केलेली चाल अशा बचावापुढे निरुपयोगी ठरते, कारण कोपरा मोकळा होतच नाही. पास देऊन देऊन चेंडू फिरतो आणि शेवटी घड्याळ संपत आलेले असताना कोणीतरी अवघड शॉट मारतो. दुसरा सामना डलासने ११३-९२ असा जिंकला. तिसऱ्या सामन्यात विन्स कार्टरने शेवटच्या क्षणी डाव्या कोपऱ्यातून थ्री-पॉइंटर मारला आणि १०९-१०८ असा विजय मिळवला. म्हणजे लीगमधला पहिला संघ विभागातल्या आठव्या संघाविरुद्ध १-२ असा मागे पडला होता. मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली.

आणि त्या सातव्या सामन्यात काय झाले? पार्करने ३२ गुण केले आणि स्पर्सने ११९-९६ असा सामना जिंकला. म्हणजे निकराच्या वेळी तारलेच ते संघाच्या मुख्य खेळाडूने. तेव्हा सगळ्यांत मिनिटे वाटली म्हणून जिंकले, हे विधान मला पूर्ण सत्य वाटत नाही. मुख्य खेळाडू मोठे होते म्हणून जिंकले आणि वाटपामुळे ते खेळाडू शाबूत राहिले, इतकेच मी म्हणेन.

पागनीसपागा

स्नेहलतागंज यांच्या मताला माझा दुजोरा आहे. त्या मालिकेत रात्रीच्या सामन्यांचा शेवट पाहायला मी पहाटेपासून दूरदर्शन संचासमोर बसलेलो असे आणि डलासच बाजी मारणार, अशी माझी खात्री पटत चालली होती.

रेसकोर्सवासी

डलासच्या मालिकेचे इतके नेमके वर्णन मी मराठीत प्रथमच वाचले. मी त्यावर थोडे सविस्तर उत्तर देतो.

पार्करने ३२ गुण केले तो सामना मे महिन्यात झाला. फेब्रुवारीत त्याच्या शरीराच्या निरनिराळ्या तक्रारींसाठी त्याला बसवले होते, तेव्हा पश्चिम विभागात पहिल्या क्रमांकासाठी चुरस सुरू होती. त्या वेळी त्याला खेळवण्याचा मोह झाला असता तर तो मेमध्ये कोणत्या अवस्थेत असता? आपण म्हणता त्याप्रमाणे वाटपाने खेळाडू शाबूत राहिले, हे तर मला मान्यच आहे.

परंतु पुढच्या दोन फेऱ्याही पाहाव्यात. पोर्टलँडला ४-१ असे हरवल्यानंतर गाठ पडली ओक्लाहोमा सिटीशी, ज्यांनी नियमित हंगामात स्पर्सला चारही सामन्यांत हरवले होते आणि त्या सलग १९ विजयांची मालिकाही त्यांनीच तोडली होती. स्पर्सने पहिले दोन सामने सहज जिंकले, मग सर्ज इबाका दुखापतीतून परतला आणि ओक्लाहोमाने पुढचे दोन घेतले. पाचवा सामना स्पर्सकडे. सहाव्या सामन्यात मध्यंतराला पार्करचा घोटा इतका दुखू लागला की तो पुन्हा उतरलाच नाही. सामना ओक्लाहोमाच्या कोर्टावर, समोर ड्युरंट आणि रसेल वेस्टब्रूक, आणि आपला सर्वाधिक गुण करणारा खेळाडू बाहेर. अशा वेळी दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला पार्करच्या जागी उतरला कोरी जोसेफ, २२ वर्षांचा. दियावने २६ गुण केले. ओव्हरटाइममधल्या स्पर्सच्या अकरा गुणांपैकी सात डंकनचे होते, आणि सामना ११२-१०७ असा जिंकून संघ पुन्हा फायनलमध्ये गेला. डलासविरुद्ध पार्करने तारले आणि इथे पार्करवाचून निभावले. या दोन्ही गोष्टी एकाच हंगामात, एकाच महिन्यात घडल्या, म्हणून मला तो हंगाम मोठा वाटतो.

वैष्णवी ताई, आपल्या प्रश्नाला मी उद्या उत्तर देतो, कारण त्यावर घाईने लिहिणे बरे नाही.

लेनर्डप्रेमी_०२

या धाग्यात कवाय लेनर्डचे नाव फारच कमी आले आहे, म्हणून लिहीत आहे. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता आणि तेव्हा तो २२ वर्षांचा होता. पहिल्या दोन सामन्यांत तो फाउलच्या अडचणीत सापडून दबून खेळला. तिसऱ्या सामन्यात त्याने २९ गुण केले, चौथ्यात २० गुण आणि १४ रिबाउंड, पाचव्यात २२ गुण आणि १० रिबाउंड, आणि हे सगळे लेब्रॉनचा बचाव करण्याचे काम अंगावर घेऊन. आदल्या वर्षी ज्याचा फ्री थ्रो चुकला होता, त्याच मुलाकडे पॉपोविच यांनी हे काम सोपवले. वाटप म्हणजे केवळ मिनिटे वाटणे नव्हे, जबाबदारीचेही वाटप असते, हे धागाकर्त्यांनी मांडायला हवे होते, असे मला नम्रपणे वाटते.

रेसकोर्सवासी

लेनर्डप्रेमी, आपले म्हणणे अगदी रास्त आहे आणि त्यामुळे फायनलकडे वळणे सोपे झाले.

दुसरा सामना मायामीने ९८-९६ असा जिंकला. लेब्रॉनने ३५ गुण केले, तर स्पर्सच्या बाजूने शेवटच्या क्वार्टरमध्ये पार्कर आणि डंकन यांनी लागोपाठ चार फ्री थ्रो गमावले. मालिका १-१ आणि पुढचे दोन सामने मायामीत. वर्षभरापूर्वीच्या जखमा उघड्या पडाव्यात, अशीच ती परिस्थिती होती. तिथे पॉपोविचने एकच बदल केला : स्प्लिटरला बसवून दियावला सुरुवातीच्या पाच जणांत घेतले. दियाव उंच खेळाडूंच्या जागी खेळे, पण त्याची नजर आणि हात पॉइंट गार्डचे, म्हणजे चाली रचणाऱ्या खेळाडूचे, होते. २०१२ च्या मार्चमध्ये शार्लटने त्याला करारातून मुक्त केले होते, तेव्हा त्याचे वजन आणि त्याची वृत्ती यांवर बरेच बोलले जात असे. तो कोर्टावर आला की मायामीच्या उंच बचावपटूला रिंगपासून दूर यावे लागे, मधली जागा मोकळी होई आणि चेंडूला वाहायला वाट मिळे.

तिसऱ्या सामन्याच्या पूर्वार्धात स्पर्सने ३३ पैकी २५ शॉट यशस्वी केले, म्हणजे ७५.८ टक्के. फायनलमध्ये अर्ध्या सामन्यापुरता तो विक्रम ठरला. मध्यंतराला ७१-५० आणि अखेरीस १११-९२. चौथा सामना १०७-८६, ज्यात दियावने ८ गुण, ९ रिबाउंड आणि ९ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) केले. आठ गुण करून सामन्यावर छाप पाडणारा खेळाडू मी त्याआधी क्वचितच पाहिला होता. पाचव्या सामन्यात मायामीने २२-६ अशी सुरुवात केली आणि त्यानंतर उरलेल्या सामन्यात स्पर्सने ९८ गुण केले, मायामीने ६५. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पॅटी मिल्सने १४ गुण केले. आदल्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये हा मिल्स बहुतेक वेळ बाकावर टॉवेल फिरवून सहकाऱ्यांचा उत्साह वाढवताना दिसायचा. सामना १०४-८७, मालिका ४-१, आणि पाच सामन्यांतला एकूण फरक ७० गुणांचा, म्हणजे सरासरी १४ गुण, जो त्या वेळेपर्यंत फायनलमधला सर्वाधिक होता.

पागनीसपागा काकांच्या थकव्याच्या मुद्द्याकडे मी पुन्हा येतो. मायामी थकली होती, यात शंका नाही. पण चेंडू माणसापेक्षा वेगाने धावतो. ज्या संघात कोणीच चेंडू धरून ठेवत नाही, त्याच्यामागे धावणारा ताजा संघही थकतो.

पागनीसपागा

शेवटच्या दोन वाक्यांपुढे मला काही बोलता येत नाही. तरी २०१२ सालचा एक प्रसंग नोंदवतो, कारण या धोरणाची किंमतही असते. २९ नोव्हेंबर २०१२ रोजी मायामीतल्या सामन्यापूर्वी पॉपोविच यांनी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन यांना थेट घरी पाठवून दिले. तो सामना देशभर प्रक्षेपित होणार होता. लीगने स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड केला. लोकांनी पैसे मोजून तिकिटे काढलेली असतात, वर्षातून एकदाच तो संघ त्यांच्या गावात येतो. त्यांच्या बाजूनेही विचार व्हायला हवा. मुंबईत ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सराव सामने झाले, तेव्हा इथून माझ्या ओळखीची मंडळी रात्रीच्या गाडीने गेली होती. त्यांना त्या दिवशी सगळे मोठे खेळाडू बसवलेले दिसले असते, तर ते किती हिरमुसले असते!

डावा_कोपरा

काका, त्या दंडाच्या दिवशी उरलेल्या स्पर्सनी मायामीला शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजवले होते. सामना १०५-१०० असा गेला. प्रेक्षकांना नावे कमी दिसली असतील, पण सामना पाहायला मिळाला.

रेसकोर्सवासी

वैष्णवी ताई, आता आपल्या प्रश्नाबद्दल.

बाद फेरीच्या स्पर्धेत बाराव्या मुलीला दहा मिनिटे द्या, असे मी सांगणार नाही. पॉपोविचनेही फायनलमध्ये मिनिटांचे समान वाटप केले नव्हते. तिथे लेनर्ड, डंकन, पार्कर आणि दियाव यांची मिनिटे वाढली. वाटप नियमित हंगामात झाले, जिथे एका पराभवाने काही बिघडत नव्हते. आपल्या मुलींना नियमित हंगामच नसतो, ही खरी अडचण आहे. त्या थेट प्लेऑफ खेळतात. जिल्ह्याची स्पर्धा, मग विभागाची, मग राज्याची, आणि मधल्या काळात केवळ सराव. सरावात घड्याळ नसते, पंच नसतो आणि पराभवही नसतो. त्यामुळे आठव्या, नवव्या खेळाडूला चुका करून शिकायला जागाच उरत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, जुलै ते सप्टेंबर या काळात शहरातल्या सहा-आठ शाळांनी आपसांत साखळी सामने ठेवावेत. पावसामुळे उघड्या कोर्टावर अडचण येईल, पण छताखालचे कोर्ट आठवड्यातून एक संध्याकाळ मिळवणे अशक्य नाही. करंडक नसावा, गुणपत्रक मात्र असावे आणि त्यात प्रत्येकीची मिनिटे लिहिलेली असावीत. कोणीही तीन क्वार्टरपेक्षा जास्त खेळायचे नाही, एवढा एकच नियम पुरेल. पंच म्हणून काम करायला आणि मिनिटांची नोंद ठेवायला मी स्वतः येईन.

वैष्णवी_कोच

नियमित हंगामच नसतो, हे वाचून मी बराच वेळ थांबले. इतकी वर्षे मी हाच प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारत आहे, असे नव्हे, पण त्याला हे नाव कोणी दिले नव्हते. साखळीसाठी मी दोन शाळांच्या क्रीडा शिक्षकांशी या आठवड्यात बोलते. तीन क्वार्टरच्या नियमाला पालकांचा विरोध होईल, तो मी सांभाळेन.

आता एक व्यावहारिक गोष्ट सांगा. मुलींना एका बैठकीत पन्नास मिनिटांहून जास्त काही दाखवता येत नाही. त्या हंगामातले नेमके काय दाखवू? तिसऱ्या सामन्याचा पूर्वार्ध दाखवावा, असे माझ्या मनात आहे.

स्नेहलतागंज

ताई, तिसऱ्या सामन्याचा पूर्वार्ध जरूर दाखवा, पण आधी डलासविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यातला एखादा क्वार्टर दाखवा. तीच माणसे, त्याच चाली, आणि तरी काहीच जमत नाही, हे मुलींनी आधी पाहिले पाहिजे. मोकळा कोपरा कसा मिळतो, हे त्यांना त्यानंतरच कळेल.

रेसकोर्सवासी

मी स्नेहलतागंज यांच्याशी सहमत आहे. तिसऱ्या सामन्याच्या वेळी मुलींना एक काम द्या : धावफलकाकडे पाहायचे नाही, प्रत्येक शॉटच्या आधी किती पास झाले, ते वहीत लिहायचे. निम्म्या जणींनी स्पर्सचे लिहावे, निम्म्या जणींनी मायामीचे. साखळीची तारीख ठरली की इथेच कळवा, म्हणजे ज्यांना पंच किंवा वेळ नोंदणारे म्हणून यायचे आहे त्यांची नावे याच धाग्यात घेऊ.

लेनर्डप्रेमी_०२

माझे नाव वेळ नोंदणाऱ्यांत घ्यावे. शनिवार सोडून कोणतीही संध्याकाळ चालेल.